एकट्याचा हात

दिवाळीच्या आदल्या दिवशी पुण्याच्या मंडईत जो गेला नसेल, त्याने गर्दी पाहिली नाही असे मी खुशाल म्हणेन. झेंडूचे ढीग, केरसुण्यांच्या राशी, लाह्या-बत्तासे, कारिटे, आणि मध्यभागी ती दगडी अष्टकोनी इमारत! गेल्या वर्षी माझी धाकटी माझा हात धरून त्या गर्दीतून चालली होती. तिने विचारले, "बाबा, महात्मा फुले मंडई म्हणजे ही फुल्यांनी बांधली का हो?"

"नाही गं, त्यांनी तर ती बांधायला विरोध केला होता."

पोर जागीच थांबली. "मग त्यांचंच नाव कसं?"

मी शाळामास्तर. उत्तर देणे हा माझा धंदा. पण भर गर्दीत ते दोन वाक्यांत देता येईना. ते आता सावकाश देतो.

मुलींची शाळा काढणारे जोतीराव आपल्याला पाठ आहेत. नगरपालिकेतले जोतीराव मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्या काळी सभासद निवडून येत नसत, सरकार नेमीत असे. आणि सभासदाला म्हणत म्युनिसिपल कमिशनर. १८७६ साली जोतीरावांची नेमणूक झाली आणि १८८२ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते. वय पन्नाशीला टेकलेले, धंदा सरकारी बांधकामांच्या कंत्राटांचा. म्हणजे खुर्चीही सरकारने दिलेली आणि भाकरीही बरीचशी सरकारी कामांतून आलेली. अशा माणसाने सभेत काय करावे, हे शहाण्यांना सांगावे लागत नाही. मान डोलवावी आणि घरी जावे.

ते वर्षच दुष्काळाचे निघाले. इकडे दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून गाव सोडीत होती आणि तिकडे १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन दिल्लीत दरबार भरवीत होते. जोतीराव आणि त्यांचे सहकारी त्याच साली धनकवडीला दुष्काळातल्या पोरांसाठी अन्नछत्र चालवीत होते.

पुढे हेच लिटनसाहेब पुण्याला यायचे ठरले. त्यांच्या सत्कारासाठी हजार रुपये खर्चावेत, असा ठराव नगरपालिकेत आला. धनंजय कीरांनी जोतीरावांच्या चरित्रात हा प्रसंग नोंदवला आहे. बत्तीस सभासदांपैकी विरुद्ध मत पडले एकच, जोतीरावांचे. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. ठराव अर्थातच मंजूर झाला.

दारूची दुकाने शहरात वाढू लागली तेव्हा, १८८० साली, त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. लोकांच्या आरोग्यासाठी आपण पैसे खर्चायचे आणि गल्लोगल्ली दारू विकू द्यायची, हा कुठला न्याय, असा त्यांचा रोख होता.

आणि मग मंडई. तोवर भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरे. त्याऐवजी मोठी इमारत उठवावी असा बेत निघाला. जोतीरावांनी विरोध केला. हरी रावजी चिपळूणकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. म्हणणे तेच: एवढा पैसा आहे, तर आधी प्राथमिक शाळांना द्या. वाचकहो, जरा विचार करा. दगडचुन्यावर ज्याचा संसार, तो कंत्राटदार म्हणतो आहे, इमारत नको, शाळा द्या!

इथेही ते हरले. मंडई बांधून झाली, १८८६ साली उघडली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने ते नाव जाऊन जोतीरावांचे आले. इमारतही चांगलीच झाली, हे कबूल केले पाहिजे. सव्वाशेहून अधिक वर्षे ती पुणेकरांचे पोट भरते आहे. मंडई बांधणारे काही दुष्ट नव्हते. प्रश्न एवढाच होता की आधी काय.

सभेत हरलेले म्हणणे जोतीरावांनी टाकून मात्र दिले नाही. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी लिहिली आणि मागणी केली की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे २०१० साली अमलात आला. मधली वर्षे मोजा: एकशे अठ्ठावीस!

आता एक गोष्ट स्वतःची. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तिथे एक बडे पाहुणे यायचे होते. कमान, हार, मंडप यांचा खर्च सभेपुढे आला. माझ्या वर्गात तेव्हा एका बाकावर चार-चार मुले बसत. मी उठून बोलणार होतो. पण सगळ्यांचे हात वर गेले आणि माझाही गेला. त्या वर्षी सातवीच्या मुलांना मी जोतीराव शिकवले, तेही बरे शिकवले. मुले मन लावून ऐकत होती, आणि मला मात्र बाकांकडे पाहवत नव्हते.

हे सगळे त्या संध्याकाळी धाकटीला सांगितले, कमानीचेसुद्धा. आकाशकंदिलाला कागद चिकटवता चिकटवता ती म्हणाली, "म्हणजे ते हरले, पण त्यांनी हात वर केला नाही."

"हो."

"आणि तुम्ही केलात."

"हो, केला."

तिने खळीचे बोट परकराला पुसले आणि म्हणाली, "मग पुढच्या वेळी नका करू." एवढे बोलून ती कंदील लावायला आईकडे पळाली.