प्रवासी ट्रेलर : जोडणी व निलंबन

मोटारगाडीने ओढून न्यावयाचे, राहण्याच्या सोयींनी युक्त असे बिनएंजिनाचे वाहन म्हणजे प्रवासी ट्रेलर होय. यूरोपात त्यास कॅरॅव्हॅन म्हणतात. गाडी व ट्रेलर यांची जोडणी आणि दोहोंचे निलंबन (चाकांवर भार तोलून धरणारी व धक्के शोषणारी यंत्रणा) यांच्या निवडीवर प्रवासाची सुरक्षितता अवलंबून असते. या निवडीचा इतिहास मुख्यतः एका प्रश्नाभोवती फिरतो : ट्रेलरच्या दांडीचा भार कोणत्या चाकांनी वाहावा?

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथील एक्लिस कंपनीने १९१९ पासून मोटारीमागे जोडावयाचे ट्रेलर विक्रीसाठी बनविले. अमेरिकेत विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस (१८७८–१९३०) यांनी ‘एरोकार’ या ट्रेलरसाठी वेगळी जोडणी योजिली. तीत गाडीच्या मागील भागात आडवे बसविलेले, हवा भरलेले चाक धक्के शोषीत असे आणि भार मागील आसाजवळ पडे. परंतु गाडीच्या मागील टोकास लोखंडी गोळा व त्यावर बसणारी वाटी, ही स्वस्त व सोपी जोडणीच पुढे रूढ झाली.

हा गोळा आसाच्या बराच मागे असल्याने गाडी तरफेप्रमाणे वागते. समजा, दांडीचा भार ३०० किग्रॅ., गोळा मागील आसापासून १·२ मी. मागे आणि दोन आसांमधील अंतर ३ मी. आहे. अशा वेळी पुढील आसावरील भार १२० किग्रॅ.ने घटतो व मागील आसावरील भार ४२० किग्रॅ.ने वाढतो. परिणामी सुकाणू व पुढील ब्रेक यांची पकड कमी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रेलर मोठे होत गेले, तेव्हा अमेरिकेत भार-विभाजक जोडणीचा प्रसार झाला. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथील रीस ही तिच्या प्रसिद्ध उत्पादकांपैकी एक होय. दांडीखालील दोन लवचिक पोलादी कांबी साखळ्यांनी ताणल्या, की भाराचा काही अंश गाडीच्या पुढील आसाकडे व ट्रेलरच्या आसांकडे जातो. गाडीच्या मागील कमानी भक्कम केल्याने किंवा तेथे हवेच्या पिशव्या बसविल्याने हे साधत नाही. गाडी समपातळीत दिसते; पण पुढील चाकांचा गेलेला भार परत येत नाही. हा भ्रम अपघातास कारण होऊ शकतो.

ट्रेलरच्या निलंबनातही बदल झाले. पोलादी पाट्यांच्या कमानींऐवजी रबराच्या पिळावर चालणारे आस आले. एअरस्ट्रीम कंपनीने ते १९६१ पासून वापरले. अशा दोन आसांमध्ये भार आपोआप समान वाटला जात नाही. म्हणून ट्रेलर समपातळीत राहील अशीच गोळ्याची उंची ठेवावी लागते.

गाडीचे पुढचे व मागचे टोक सारखेच खाली बसावे, असा जुना संकेत होता. पुढील आसावर गरजेपेक्षा अधिक भार परत आणल्यास वळणावर मागील चाके घसरण्याचा धोका वाढतो, हे लक्षात आल्यावर तो मागे पडला. पुढील आसाचा गेलेला भार उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच परत आणावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. अमेरिकेत दांडीचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात; यूरोपातील हलक्या कॅरॅव्हॅनमध्ये तो कमी असतो. तो फार कमी झाल्यास ट्रेलर दोन्ही बाजूंना हेलकावे खाऊ लागतो व कोणतीही जोडणी हा दोष पूर्णपणे झाकू शकत नाही. यास्तव सामान भरल्यानंतर प्रत्येक आसाचे वजन करून मगच जोडणी निश्चित करणे इष्ट ठरते.