स्टेफान समस्येचे नियंत्रण
वितळणाऱ्या पदार्थातील घन-द्रव सीमा सतत सरकते; तिचे स्थान तापमानाबरोबरच शोधावे लागते. लामे व क्लापेरॉन यांनी हा प्रश्न १८३१ मध्येच हाताळला होता. नाव मात्र पडले ध्रुवीय बर्फाचा अभ्यास करणाऱ्या योझेफ स्टेफान यांचे. पृष्ठभागाचे तापमान स्थिर असल्यास बर्फाची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते : दुप्पट जाडीला चौपट वेळ. एक किलोग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ३३४ किलोजूल सुप्त उष्णता लागते. ही सीमा हव्या त्या जागी न्यायची, तर नियंत्रकाच्या हाती असते ती एका टोकाकडून दिलेली उष्णता, बस्स. सीमा इष्ट जागेपुढे गेली, तर आणखी तापवून ती मागे येत नाही. थंड करावे, तर द्रव तापवलेल्या टोकाकडूनच गोठू लागण्याचा धोका. म्हणून कोगा व क्रस्टिच या संशोधकांच्या ‘बॅकस्टेपिंग’ या नियंत्रण-पद्धतीत उष्णता कायम धन राखून सीमा अलीकडूनच लक्ष्यापर्यंत नेतात. धातूच्या त्रिमितीय मुद्रणात हे गणित उपयोगी पडते.