बोलोन्यातला पुतळा आणि पुण्यातला विटा थापणारा

इटलीतल्या बोलोन्या शहरात आर्किजिन्नासिओ नावाची इमारत आहे. पोप चौथा पायस याच्या काळात, १५६२-६३ साली ती बांधली गेली आणि १८०३ पर्यंत बोलोन्याचे विद्यापीठ तिथे भरत होते. आज तिथे नगरपालिकेचे ग्रंथालय आहे. युरोपातले सर्वांत जुने विद्यापीठ असा याचा लौकिक. स्थापनेचे साल १०८८ सांगतात. पण १८८८ साली आठशेवा वर्धापन उत्सव करायचा म्हणून विद्वानांनी हे साल ठरवून घेतले, हेही नमूद केले पाहिजे. इतिहास असाच ठरवून घेतला जातो. प्रश्न एवढाच की ठरवणाऱ्यांत कोण बसतो.

तिकिटाबरोबर कानाला लावायचा ऑडिओ गाइड मिळाला आणि पाहणे संपल्यावर शेजारच्या गल्लीतल्या दुकानात स्थानिक पदार्थ चाखण्यासाठी एक चिठ्ठी. आधी विद्या, मग भोजन. आमच्याकडे या दोन्हींच्या दाराशी एकच रखवालदार उभा असे. विद्या कोणी घ्यायची आणि कोणाबरोबर जेवायचे, हे दोन्ही त्यानेच ठरवले. म्हणून या दोन्ही गोष्टींविषयी एकत्रच लिहितो आहे.

आत शिरल्यावर पहिल्यांदा भिंती दिसतात. चौकाभोवतीच्या कमानी, जिने, वरचे सज्जे, सगळीकडे कुलचिन्हे रंगवलेली आणि त्यांच्याखाली नावे. विद्यार्थ्यांची ही चिन्हे सुमारे सहा हजार आहेत. युरोपभरच्या श्रीमंत घरांतली मुले इथे शिकायला येत, आपापल्या देशाप्रमाणे संघ करत आणि त्या संघांचे प्रतिनिधी निवडून देत. जिने दोन आहेत. एक कायदा शिकणाऱ्यांचा, दुसरा ‘आर्टिस्टी’ म्हणवणाऱ्यांचा. या दुसऱ्यांत तत्त्वज्ञानाबरोबर वैद्यकही मोडत असे. दोन जिने पाहिले आणि मला आमच्या गावचे दोन पाणवठे आठवले. पण ही तुलना फार ताणू नये. इथे जिना अभ्यासाच्या विषयावरून ठरे, जन्मावरून नव्हे. शिवाय एका जिन्याने चढलेला माणूस दुसऱ्या जिन्याच्या स्पर्शाने बाटत नव्हता.

वरच्या मजल्यावर शरीरशास्त्राचे दालन आहे. १६३७ साली ते बांधले गेले. भिंती, छत, बाके, सगळे लाकडाचे. मध्ये संगमरवरी टेबल, त्यावर प्रेत ठेवीत. समोर उंचावर प्राध्यापकाची खुर्ची आणि तिच्यावरचे छत्र तोलून धरणारे दोन लाकडी पुरुष. त्यांच्या अंगावर कातडी नाही, स्नायू उघडे. १७३४ साली एर्कोले लेल्लीने केलेल्या या शिल्पांना ‘स्पेल्लाती’ म्हणजे सोललेले असे म्हणतात. २९ जानेवारी १९४४ रोजी विमानातून पडलेल्या बॉम्बने हे दालन उद्ध्वस्त झाले. युद्ध संपल्यावर ढिगाऱ्यातून मूळ लाकूडकाम आणि पुतळे वेचून ते पुन्हा उभे केले.

त्या सोललेल्या माणसांपुढे मी बराच वेळ उभा होतो. माझा आजा मेलेली ढोरे ओढायचा, सोलायचा. कातड्याला एकही नख न लावता ते कसे उतरवायचे, कोणत्या सांध्यावर सुरी ठेवली की हाड आपोआप सुटते, कोणती शीर कुठून कुठे जाते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. याच ज्ञानाला बोलोन्यात दालन मिळाले, छत्र मिळाले. आमच्याकडे त्याला गावाबाहेरची जागा मिळाली. मात्र या कामाचे गोडवे गाणे मला मान्य नाही. ते वेठीचे काम होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितले. त्या हाकेसरशी आमच्या घराने हे काम टाकले, ते योग्यच केले. काम सोडणे ही मुक्ती होती. पण त्या कामात साठलेले ज्ञान कोणी टिपून ठेवले नाही, हा गुन्हा आमचा नव्हे.

आता खुर्ची आणि टेबल यांच्याकडे पाहू. बोलोन्याच्या मोंदिनोने १३१६ साली शरीरशास्त्राचा ग्रंथ लिहिला. तो पुढे छापला गेला, तेव्हा त्याबरोबरच्या चित्रांत प्राध्यापक उंच खुर्चीवर बसून पोथी वाचतो आहे आणि खाली दुसराच माणूस प्रेत कापतो आहे. वाचणारा स्पर्श करत नाही. स्पर्श करणाऱ्याला वाचता येण्याची गरज नाही. आपल्याला हे चित्र ओळखीचे वाटते. पण युरोपात ते मोडले. व्हेसालियस खुर्चीवरून खाली उतरला, १५४० साली याच बोलोन्यात त्याने स्वतःच्या हाताने प्रेत फाडून दाखवले आणि १५४३ साली आपला ग्रंथ छापला. जुन्या पोथीतल्या चुका त्याला सापडल्या, कारण पोथी आणि सुरी एका हातात आली.

युरोप निष्पाप होता असे नाही. टेबलावर येत ती प्रेते फाशी गेलेल्यांची, बेवारशांची आणि गरिबांची. कार्निव्हलच्या दिवसांत हे विच्छेदन सार्वजनिकपणे होई आणि लोक मुखवटे घालून पाहायला येत. सहा हजार कुलचिन्हांच्या या इमारतीत त्या प्रेतांपैकी एकाचेही चिन्ह मला दिसले नाही. ज्यांच्या देहावर विद्या उभी राहिली, ते तिथेही निनावीच आहेत.

आपल्याकडे काय झाले? सुश्रुतसंहितेत प्रेत वाहत्या पाण्यात कुजवून, त्याची त्वचा खरवडून आतले अवयव डोळ्यांनी पाहण्याची रीत सांगितली आहे. म्हणजे एके काळी ही दृष्टी होती. पुढे मनुस्मृतीने वैद्याला श्राद्धाच्या पंगतीतून उठवले आणि वैद्याचे अन्न पुवासारखे अशुद्ध ठरवले. रोग्याला शिवणारा तो अशुद्ध, प्रेताला शिवणारा त्याहून अशुद्ध. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ साली ‘सायन्स अँड सोसायटी इन एन्शंट इंडिया’ या ग्रंथात ही प्रक्रिया सविस्तर मांडली आहे. त्यांच्याही आधी आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी जातिव्यवस्थेने विचार करणारे डोके आणि काम करणारा हात यांची फारकत केली व त्यातच भारतीय विज्ञान खुरटले, असे दाखवून दिले होते. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी प्रेतावर सुरी चालवली, त्याचा केवढा गाजावाजा झाला! मधल्या शतकांत प्रेते उचलणारे, जाळणारे, पुरणारे कोण होते? डोम, महार, मांग. त्यांच्या स्पर्शाचा गाजावाजा कोणी केला नाही, त्यांचा फक्त विटाळ झाला.

आता त्या दालनातल्या ज्या पुतळ्याने मला हा लेख लिहायला भाग पाडले, त्याच्याविषयी. भिंतीच्या कोनाड्यांत नामांकित वैद्यांचे पुतळे आहेत. त्यांतला एक गास्पारे ताल्याकोत्सी (१५४५-१५९९). त्याच्या हातात एक नाक आहे. तुटलेले नाक दंडाच्या कातडीने पुन्हा कसे बसवावे, यावर १५९७ साली त्याने ग्रंथ लिहिला. दंडाची कातडी अर्धवट सोडवून ती नाकाला जोडायची आणि ती धरेपर्यंत हात चेहऱ्याशी बांधून ठेवायचा, अशी ही रीत. ऑडिओ गाइडने ती माहिती दिली आणि पुढच्या पुतळ्याकडे चला म्हणून सांगितले. पण ही विद्या मुळात ताल्याकोत्सीची नव्हे. त्याच्या आधी सिसिलीतल्या ब्रांका आणि कालाब्रियातल्या व्हियानेओ या घराण्यांतले कारागीर शस्त्रवैद्य ती बापाकडून मुलाकडे अशी जपत आले होते. विद्यापीठाने ती त्यांच्याकडून उचलली. तरीही ब्रांका आणि व्हियानेओ ही नावे इतिहासात राहिली आहेत.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग पुण्यात आहे. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आले. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा एक गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. नाकाशिवाय सुमारे वर्ष काढल्यावर पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. त्याने मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून माप घेतले, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली, दोन डोळ्यांच्या मधला चिंचोळा पट्टा मात्र तसाच राखला. मग कातडी उलटी फिरवून नाकाच्या जागी बसवली. टाके नाहीत, पाण्यात भिजवलेल्या काताचा लेप देऊन ती चिकटवली. चार दिवसांनंतर तुपात भिजवलेले फडके. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ कापडाच्या वाती. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो मधला पट्टा कापून टाकला. तो पट्टा राखण्यात सगळी विद्या आहे. त्यातून रक्त वाहत राहते, म्हणून कातडी जगते.

या प्रसंगातल्या माणसांची नावे पाहा. गाडीवान ‘कावसजी’, नाव पारशी वाटते, पत्रात मात्र तो मराठा शेतकरी जातीचा म्हटला आहे. शस्त्रक्रिया पाहणारे मुंबईचे इंग्रज डॉक्टर क्रूसो आणि फिंडले. नवे नाक बसलेल्या गाडीवानाचे चित्र काढणारा जेम्स वेल्स. पुढे हे वाचून १८१४ साली लंडनमध्ये पहिली शस्त्रक्रिया करणारा आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिणारा जोसेफ कार्प्यू. सगळ्यांना नावे आहेत. ज्याने नाक केले, त्याच्यापुढे फक्त जात लिहिली आहे: ‘ब्रिकमेकर’. विटा थापणारा. जगाच्या वैद्यकात त्याची रीत ‘भारतीय पद्धत’ म्हणून गेली. देशाला नाव मिळाले, माणसाला मिळाले नाही.

१७९३ चे हे पुणे पेशव्यांचे आहे. दरवर्षी श्रावणात राज्याच्या तिजोरीतून हजारो ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. विद्येवर खर्च होत नव्हता असे नाही. कोणत्या विद्येवर, हा प्रश्न आहे. पाठांतराला दक्षिणा होती, तुटलेला चेहरा जोडणाऱ्या हाताला नव्हती. १८२१ साली त्याच दक्षिणा फंडातून विश्रामबागवाड्यात पाठशाळा निघाली, तीही ब्राह्मणांसाठीच. कल्पना करा, विटा थापणाऱ्या त्या माणसाच्या मुलाला तिथे बसवून त्याच्या बापाची रीत कोणी लिहून घेतली असती तर? बोलोन्यात कारागिराचे गुपित विद्यापीठापर्यंत पोचले. पुण्यात ते शेजारच्या आळीपर्यंतही पोचले नाही. ते थेट लंडनला गेले.

आज सुश्रुताचे नाव घेऊन छाती फुगवणारे पुष्कळ आहेत. त्यांना मला एवढेच विचारायचे आहे: सुश्रुताने गालाची कातडी सांगितली, पुण्याच्या माणसाने कपाळाची घेतली. मग हा बदल कोणी केला? कोणत्या शास्त्र्याने? पोथी जपणाऱ्यांनी शस्त्र सोडले आणि शस्त्र जपणाऱ्यांना पोथी नाकारली. हा वारसा अखंड नाही; तो मधोमध तोडला गेला आहे आणि ज्यांनी तोडला तेच आज त्याचे वारस म्हणून मिरवतात. जात ही केवळ श्रमांची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले. कावसजीच्या नाकात त्याचा पुरावा आहे.

याच बोलोन्याच्या दप्तरखान्यात ‘लिबेर पारादिसुस’ नावाचे एक हस्तलिखित आहे. १२५६-५७ साली या शहराने धन्यांना पैसे मोजून सुमारे सहा हजार वेठगुलाम मोकळे केले. चौदा वर्षांवरच्या माणसामागे दहा लिरे, लहानग्यामागे आठ. हेतू निव्वळ करुणेचा नव्हता. मोकळा माणूस कर भरतो, हा हिशेबही त्यात होता. पण त्या वहीत मोकळ्या झालेल्यांची नावे लिहिली आहेत. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. बोलोन्याची ही वही त्याच्याही सहाशे वर्षे आधीची. आमच्याकडे बाबासाहेबांनी महार वतनाचे विधेयक १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द होण्याचा कायदा यायला १९५८ साल उजाडले.

मग मी चिठ्ठी घेऊन शेजारच्या गल्लीत गेलो. एका लांब टेबलाशी आम्ही सात-आठ अनोळखी माणसे बसलो. लाकडी फळीवर मोर्तादेल्ला, पार्मिजानो चीज, त्यावर काळ्या सिरक्याचे दोन थेंब आणि पाव. मोर्तादेल्ला म्हणजे डुकराच्या बारीक वाटलेल्या मांसाचा जाड गुंडा. १६६१ साली कार्डिनल फार्नेसेने हुकूम काढून तो कसा करावा याचे नियम घातले. मांस खारवणाऱ्यांचा इथे संघ होता, त्यांना मान होता. मी खाताना घरच्या चान्या आठवत होतो. मांसाच्या लांब पट्ट्या वलणीवर वाळत असत आणि सवर्ण पोरगा दारावरून गेला की आई त्या घाईघाईने झाकत असे. मांस खारवून, वाळवून टिकवण्याची विद्या दोन्हीकडे होती. तिथे कार्डिनलचा हुकूम झाला, इथे शिवी झाली.

टेबलावर कोणी कोणाला जात विचारली नाही. शेजारच्या बाईंनी आपल्या फळीवरचा उरलेला चीजचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. मी शिकलो त्या वसतिगृहात माझे ताट वेगळ्या खुंटीवर असे आणि ते तसे असावे असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तोही ज्ञानाचाच परिसर होता.

परत आल्यावर विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो. पुण्याच्या त्या माणसाचे नाव आपल्याला नाही. परंतु बॉम्बने पडलेले दालन लोकांनी ढिगाऱ्यातला एकेक तुकडा वेचून उभे केले. आपलेही तुकडे आहेत: इंग्रजांची पत्रे, कुलकर्ण्यांची दप्तरे, भीमा कोरेगावच्या स्तंभावरची ‘नाक’ शेवट असलेली नावे आणि अजून हयात असलेली आपली म्हातारी माणसे. त्यांना विचारा, तुम्ही कोणते काम करत होता, ते कसे करत होता, कोणाकडून शिकलात. उत्तर लिहून घ्या. आणि सगळ्यांत आधी वहीच्या वर त्यांचे नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा. जात दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलीच आहे.