चष्मेवाल्याने जपलेली सहा ब्लॉकांतली घरं

मिल्टन रोगोव्हिन हे नाव आपल्याकडे फोटोग्राफीचं वेड असणाऱ्यांनीही फारसं ऐकलेलं नसतं. धंद्याने हा माणूस चष्म्याचा डॉक्टर. जन्म १९०९ चा, न्यूयॉर्कचा. १९३१ साली, ऐन मंदीत, कोलंबिया विद्यापीठातून ऑप्टोमेट्रीची पदवी घेतली आणि १९३८ मध्ये बफेलोला आला. (नायगारा बघायला निघालेली आपली मंडळी याच गावावरून पुढे जातात, थांबत मात्र कुणी नाही.) तिथे त्याने दुकान टाकलं. विचार डावे, कामगार संघटनांत ऊठबस. मग अमेरिकेत त्या काळी व्हायचं तेच झालं.

१९५७ मध्ये 'अमेरिकाविरोधी कारवायां'ची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे त्याला उभं केलं. याने उत्तरं द्यायला नकार दिला. गावातल्या पेपरने त्याला बफेलोतला एक नंबरचा 'लाल' ठरवून टाकलं. गिऱ्हाईक तुटलं, धंदा निम्म्यावर आला. कोड रिव्ह्यूमध्ये कुणी चार शब्द जास्त बोललं तर आमचा आठवडा खराब होतो. या बाबाने पुढच्याच वर्षी कॅमेरा गांभीर्याने हातात घेतला! बायको अॅन शिक्षिका होती, तिच्या पगाराचा घराला आधार होता.

पण मला सांगायचंय ते १९७२ नंतरचं. तेव्हा तो ६२ वर्षांचा होता. दुकानापासून जवळच 'लोअर वेस्ट साइड' म्हणून गरीब वस्ती होती. पोर्तो रिकोहून आलेले, कृष्णवर्णीय, इटालियन, मूळ अमेरिकन असे सगळे तिथे राहायचे. वस्तीचं नाव बदनाम. हा तिथल्या जेमतेम सहा ब्लॉकांत रोलायफ्लेक्स घेऊन फिरू लागला. आधी लोकांना वाटलं, पोलिसांचा माणूस असणार. गंमत बघा, ज्याच्यावर सरकारनेच पाळत ठेवली होती त्याच्यावरच हा संशय! तो संशय फिटला तो साध्या गोष्टीने: फोटो काढला की प्रिंट घेऊन हा पुन्हा त्याच दारात हजर. फुकट. मग तो फोटो भिंतीवर लागायचा आणि पुढच्या वेळी दार उघडलं जायचं.

रोलायफ्लेक्समध्ये वरून, पोटाशी धरून बघावं लागतं. म्हणजे फोटो काढणारा समोरच्यापुढे मान खाली घालून उभा! काही जण याला नम्रता वगैरे म्हणतात, मला ती कॅमेऱ्याची रचना वाटते. नम्रता दुसरीकडे आहे. कुठे उभं राहायचं, काय घालायचं, कुणाला जवळ घ्यायचं हे तो सांगत नसे. कॅमेऱ्याकडे बघा, एवढंच. दोन-तीन फ्रेम घेतल्या की झालं.

१९८४ मध्ये, ७४ व्या वर्षी, त्याला परत जावंसं वाटलं. मधल्या काळात शेजारच्या लॅकवॉनामधल्या पोलाद कारखान्याचा बहुतेक भाग १९८३ साली बंद पडला होता, भागात बेकारी होती. मिल्टन आणि अॅन जुने फोटो हातात घेऊन लोकांना दाखवत, विचारत फिरले: ही माणसं कुठे सापडतील? काही सापडली, काही गाव सोडून गेलेली, काही या जगातच नव्हती. जी सापडली त्यांचे पुन्हा फोटो. आता ती ओळखीची नव्हती, मित्रच झाली होती. १९९२ मध्ये तिसरी फेरी, हृदयाचं ऑपरेशन आणि कॅन्सर अंगावर काढून. २००० मध्ये चौथी, वय वर्षं ९०.

हे चार-चार फोटो शेजारी ठेवून बघावेत. पहिल्यात आईच्या मांडीवर असलेलं पोर दुसऱ्यात मिसरूड फुटलेलं, तिसऱ्यात त्याच्याच कडेवर पोर. कुठे चौकटीतून एक माणूस वजा झालेलं असतं आणि उरलेले जरा जास्त चिकटून उभे असतात. मधल्या आठ-दहा वर्षांचा लॉग कुठेच नाही! कुणाची नोकरी गेली, कोण दारूतून बाहेर आला, कोण तुरुंगात जाऊन आला, हे फोटो सांगत नाहीत. शिवाय रोगोव्हिन फोटोंना शीर्षकंच देत नसे. डेटाबेसमध्ये दिवस घालवणाऱ्या माझ्यासारख्याला याचा सुरुवातीला वैतागच आला. नाव नाही, मेटाडेटा नाही, काय करायचं या रेकॉर्डचं? पण 'लाल' ही दोन अक्षरं स्वतःच्या नावाला चिकटलेल्या माणसाने दुसऱ्याला लेबल लावायचं नाही म्हटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं?

इतिहास म्हटलं की आपल्याकडे बखरी आणि ताम्रपट. सहा ब्लॉकांतल्या या घरांचं दफ्तर कुणी ठेवलं असतं? १९९९ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने रोगोव्हिनच्या निगेटिव्हज आणि प्रिंट्स आपल्या संग्रहात घेतल्या. म्हणजे ज्या संसदेच्या समितीने त्याला धारेवर धरलं, त्याच संसदेच्या ग्रंथालयाने, ४२ वर्षांनी.

२००३ मध्ये अॅन गेली. दारोदार ओळखी तिनेच जपल्या होत्या. मिल्टन १८ जानेवारी २०११ ला बफेलोतच गेला, वयाच्या १०१ व्या वर्षी. पाचवी फेरी झाली नाही.