मुरडीचा कानोला

परवा एका लग्नात शेजारी बसलेल्या बाईंनी मला विचारलं, ‘तुमच्यात करंज्या करतात का हो?’ मी म्हटलं, ‘करतात की. कुणी गुजिया म्हणतं, आमच्या घरी कानोलेच म्हणतात.’ त्यांना नवल वाटलं, आणि मला त्यांच्या नवलाचं नवल वाटलं. म्हणून आज खव्याच्या कानोल्याविषयी बोलणार आहे.

पदार्थ ओळखीचाच. रवा-मैदा दुधात भिजवायचा आणि वरवंट्यानं कुटून मऊ करायचा. तूप हातानं फेसून त्यात तांदळाची पिठी घालायची, तो साटा. पातळ पोळ्या एकावर एक ठेवायच्या, मध्ये साटा लावायचा, घट्ट गुंडाळी करून लाट्या कापायच्या. साट्यामुळे पापुद्रे एकमेकांना चिकटत नाहीत आणि कढईत पिठातल्या पाण्याची वाफ त्यांना अलग करते. आत नुसती साय भरून चालत नाही. तिच्यातलं पाणी तळताना कानोला फोडतं. म्हणून सायीसकट दूध आटवून खवा करायचा, गुलाबी होईतो परतायचा आणि गार झाल्यावरच पिठीसाखर, वेलदोडा, चारोळी मिसळायची. आच मंद ठेवायची. घाई केली की वरून लाल आणि आतून कच्चा.

हा पदार्थ मूळचा कुणाचा? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकातला. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या निलंग्याहून फार लांब नाही. त्या ग्रंथात दूध नासवून त्याचा चोथा तांदळाच्या पिठात मळून तळायची आणि गोड करायची कृती आहे. दुसरीकडे इराणातून आलेला ‘संबोसा’. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं दिल्लीच्या सुलतानाच्या मेजवानीत तो पाहिला, पातळ पोळीत सारण भरून तुपात तळलेला. पुढे पंधराव्या शतकात बीदर बहमनींची राजधानी झाली. हैदराबादची चौकोनी, पापुद्र्यांची, खिम्याची लुक्मी आजही प्रसिद्ध आहे. लुकमा म्हणजे घास.

आता यातलं काय कुणाकडून आलं, हे कोणत्या हिशेबानं ठरवायचं? १९५६ पर्यंत निलंगा तालुका बीदर जिल्ह्यातच होता. दोन्ही कढया एका गल्लीत चढत होत्या. दूधही एकच होतं. देवणी गाय याच मातीतली, आणि खवा करायचं कसबही याच मुलखातलं. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पण कानोल्याची खरी गोष्ट त्याच्या काठात आहे. काठ कातण्यानं कापता येतो किंवा बोटांनी मुरड घालता येते. मराठवाड्यात महालक्ष्म्यांपुढे फुलोरा बांधतात, त्यात करंज्या असतात. महालक्ष्म्या निघताना मुरडीचा कानोला नैवेद्याला हवाच, कारण तिनं पुन्हा ‘मुरडून’ यावं. सासरी निघालेल्या लेकीच्या डब्यातही तो जातो. ही मुरड माझ्या नानीला शेजारच्या वाड्यातल्या आजींनी शिकवली.

१९४८ च्या सप्टेंबरात महालक्ष्म्या नुकत्याच गेल्या होत्या. १३ तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती दिली. त्याआधी रझाकारांनी गावंच्या गावं छळली होती. त्यानंतर सूड उगवला गेला तो बहुतेक अशांवर, ज्यांनी हातात कधी काठीही धरली नव्हती. पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, नांदेड यांच्याबरोबर आमच्या बीदरचं नाव घेतलं आहे. तो अहवाल लोकांसमोर यायला २०१३ उजाडलं.

नानी रात्रीच निघाली. कडेवर दोन वर्षांची माझी अम्मी. आजींनी मागच्या दारानं येऊन फडक्यात बांधलेले कानोले तिच्या हातात दिले. म्हणाल्या, ‘मुरडीचे आहेत गं.’ एवढंच. नानी चार महिन्यांनी परत आली, घराची किल्ली आजींकडे होती. पण नानांचे धाकटे भाऊ आले नाहीत. ते कुठे राहिले, हे कधीच कळलं नाही. नानी सांगायची, ‘बेटी, उनोंने रस्ते में एकच कानोला खाया था.’

पुढे १९९३. अनंत चतुर्दशीचे गणपती बुडवून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्या निलंगा तालुक्यालाही मोठा तडाखा बसला. त्याच आजींची नात किल्लारीच्या बाजूला दिलेली होती. ती गेली, तिचं तान्हं मूलही गेलं. दीड महिन्यानं दिवाळी आली. दुःखाच्या घरी त्या वर्षी तळण करत नाहीत, फराळ शेजाऱ्यांनी द्यायचा असतो. माझं वय तेव्हा तेवीस. अम्मीनं मला खवा परतायला बसवलं आणि स्वतः लाटायला बसली. मी कातणं पुढे केलं. तिनं ते बाजूला सारलं आणि एकेका कानोल्याला मुरड घालत राहिली. त्या शंभर कानोल्यांना रात्र पुरली नाही.

सकाळी आम्ही डबा घेऊन गेलो. काकूंनी, म्हणजे त्या मुलीच्या आईनं, झाकण काढलं. काठावरून बोट फिरवलं आणि अम्मीकडे पाहिलं. बोललं कुणीच नाही. काकूंनी एक कानोला मोडून अर्धा अम्मीला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

लग्नातल्या त्या बाईंना हे सगळं सांगायला पंगतीत वेळ नव्हता. आता अम्मी नाही, काकूही नाहीत. ईदेला आणि दिवाळीला मी कानोले करते. साटा जमतो, खवाही जमतो. मुरड मात्र अजून कढईत उलगडते. काकूंची सून भिंतीपलीकडून म्हणते, ‘ताई, थांबा, मी येते काठ वळायला.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)