ताटीपाशी उभी मुक्ताई

संन्याशाची पोरे म्हणून आळंदीने या चार भावंडांना वाळीत टाकले. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. परंपरा सांगते, लोकांच्या बोलांनी व्यथित होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली. तेव्हा धाकटी मुक्ताई दाराशी उभी राहिली. तिने ताटी मोडली नाही, ती निघूनही गेली नाही. आर्जवाने बोलत राहिली. तेच ‘ताटीचे अभंग’.

शके 1212 मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या माउलींनाही हाक मारणारे कोणी लागले! मग आपल्या दिंडीतला टाळकरी भजनाला येईनासा झाला, तर ‘भक्ती कमी पडली’ म्हणू नका. त्याच्या दारी जा, त्याचे ऐका. गरज पडल्यास सोबत डॉक्टरांकडे जा. हीही वारीच आहे.

रामकृष्णहरी.