हरवलेला घोडा

नववीत शाळेच्या बुद्धिबळाच्या पेटीतला एक घोडा हरवला आणि आपण खडूचा तुकडा ठेवून खेळू लागलो. तो घोडा माझ्याच खिशात होता, मित्रांनो! आज त्याच्या शेजारी जुन्या लाकडी संचांच्या अकरा प्रतिकृती आहेत. लाडका संच १८४९चा: नोंदणी नॅथॅनियल कुकची, विक्री लंडनच्या जेक्सची, नाव मात्र खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टनचे. (त्यात आपला हत्ती म्हणजे बुरूज, उंट म्हणजे बिशपची टोपी!) माझी प्रत अमृतसरच्या कारागिरांची. बाकी मोहऱ्यांचे बहुतेक काम लेथवर होते. घोडा हातानेच कोरावा लागतो. पार्थेनॉनच्या शिल्पातल्या घोड्यावरून तो घेतला, असे सांगतात. शाळेचा घोडा मेळाव्याला आणला आहे. सर, ती पेटी अजून कपाटात असेल का?